नव्या मोटारसायकलची जुनी दुखणी : बिघाड कंपनीचा, शिव्या मात्र सब-डीलरला

पाडवा किंवा दसऱ्याचा मुहूर्त, उसाचे पेमेंट किंवा फायनान्सचा हप्ता, हँडलला झेंडूचा हार आणि शोरूमबाहेर काढलेला फोटो. शिरूर आणि दौंड तालुक्यांत नवी मोटारसायकल घरी येते ती अशी. त्यातही मॉडेल नवे असेल, गावात पहिलेच असेल, तर आठवडाभर पारावर तिचीच चर्चा. तीन महिन्यांनी तिचा गिअर अडकू लागला किंवा सेल्फ लागेनासा झाला, की तीच गाडी त्याच शोरूमच्या दारात उभी राहते आणि काउंटरवरच्या माणसाला ऐकून घ्यावे लागते. तो माणूस बहुतेक वेळा कंपनीचा नसतो. अनेकदा तो मुख्य डीलरचाही नसतो.

दुचाकी बिघडली की नुकसान नेमके कुणाचे होते, वॉरंटीचा क्लेम कुठे अडकतो आणि डीलर स्वतःच कंपनीवर का चिडलेला असतो, हे समजून घेण्यासाठी आधी ही साखळी पाहावी लागते. पुणे जिल्ह्याशी थेट नाते असलेली दोन-तीन जुनी प्रकरणेही पुन्हा वाचावी लागतात.

तालुक्यातली शोरूम नेमकी कुणाची?

मोठ्या दुचाकी कंपन्या गाड्या विकतात त्या अधिकृत डीलरला. हा डीलर सहसा पुण्यात, बारामतीत किंवा एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गावी असतो. त्याच्या हाताखाली छोट्या गावांत सब-डीलर आणि सर्व्हिस सेंटर असतात. शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, केडगाव, यवत, पाटस अशा ठिकाणी कंपनीच्या रंगात रंगवलेल्या ज्या शोरूम दिसतात, त्यांतल्या बऱ्याच या दुसऱ्या प्रकारच्या असतात. पाटी कंपनीची, बिल मुख्य डीलरच्या नावाचे आणि गाळ्याचे भाडे, कामगारांचा पगार व गिऱ्हाइकाची ओळख सब-डीलरची.

ही मांडणी ग्राहकाला सोयीची वाटते, कारण गाडी घरापासून दहा किलोमीटरवर मिळते. अडचण येते ती बिघाडाच्या वेळी. सब-डीलरकडे मोठा पार्ट बदलण्याचा अधिकार नसतो, कंपनीच्या संगणक प्रणालीवर त्याला मर्यादित प्रवेश असतो आणि खास अवजारेही नसतात. मग गाडी टेम्पोत घालून मुख्य डीलरकडे जाते. शिरूरहून पुणे साठ-सत्तर किलोमीटर, दौंडहून त्याहून थोडे जास्त. गाडी तिकडे आठ दिवस पडली, की कुरकुंभ किंवा रांजणगाव एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्याचा आठवडा दुसऱ्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर जातो. दूध घालणाऱ्याचे तर रोज सकाळ-संध्याकाळचे गणित बिघडते.

दोन्ही तालुके शेजारी, पण पासिंगही वेगवेगळे. शिरूरची गाडी पुणे आरटीओच्या एमएच १२ मध्ये, तर दौंडची बारामतीच्या एमएच ४२ मध्ये. त्यामुळे न्हावऱ्याच्या माणसाने चौफुल्याला गाडी घेतली, तर पासिंग, कागदपत्रे आणि पुढची तक्रार यांचे पत्ते तीन ठिकाणी फुटतात.

नव्या मॉडेलमध्येच बिघाड जास्त का?

अभियांत्रिकीत यासाठी एक प्रसिद्ध आलेख आहे. बाथटबसारखा दिसतो म्हणून त्याला बाथटब आलेख म्हणतात. सुरुवातीला बिघाडांचे प्रमाण जास्त, मग बराच काळ सपाट आणि आयुष्याच्या शेवटी पुन्हा चढ. सुरुवातीचे बिघाड बहुधा उत्पादनातले असतात: एखाद्या गिअरला उष्णताप्रक्रिया नीट न मिळणे, वायरिंगचा जोड सैल राहणे, सील नीट न बसणे, एखाद्या पुरवठादाराची अख्खी खेप कच्ची निघणे. मॉडेल नवे असते तेव्हा यात रचनेतल्या चुकांची भर पडते. वीस वर्षे बनत आलेल्या शंभर सीसी गाडीतले असे दोष केव्हाच सापडून दुरुस्त झालेले असतात. नव्या गाडीत ते शोधण्याचे काम पहिले काही हजार ग्राहक करतात, स्वतःच्या पैशांनी.

कंपन्या चाचण्या घेत नाहीत असे नाही. पण चाचणी ट्रॅकवरची लाखभर किलोमीटर आणि काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावर, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून, उसाच्या ट्रॉलीमागची धूळ खात केलेली दहा हजार किलोमीटर यांत फरक पडतो. पावसाळ्यात शेतातल्या मोटरच्या पाइपने गाडी धुणे हीसुद्धा एक वेगळीच चाचणी आहे. कोणत्याही प्रयोगशाळेत ती होत नसावी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘एआरएआयने पास केलेली गाडी आहे’ असे शोरूममध्ये सर्रास सांगितले जाते. पुण्यातली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही १९६६ पासूनची संस्था नव्या वाहनाला प्रमाणपत्र देते हे खरे. मात्र ते प्रमाणपत्र प्रदूषण, ब्रेक, दिवे, आवाज अशा कायद्याने घातलेल्या निकषांचे असते. क्लच प्लेट किती टिकेल, रंग कधी उडेल, गिअर गुळगुळीत पडेल का, याची हमी त्यात नसते. ती हमी फक्त कंपनीची, आणि ती वॉरंटीच्या पुस्तिकेत लिहिली आहे तेवढीच.

‘स्टॅलिओ’चे काय झाले होते?

नवी मोटारसायकल, मोठे नाव, दणक्यात जाहिरात आणि पाठोपाठ दर्जाच्या तक्रारी, याचे आपल्या भागाला जवळचे उदाहरण म्हणजे महिंद्रची ‘स्टॅलिओ’.

गोष्ट सुरू होते पुण्याच्या किनेटिकपासून. फिरोदिया कुटुंबाच्या या समूहाने लुना आणि नंतर किनेटिक होंडा घरोघरी पोहोचवली. २००० नंतर बाजार स्कूटरकडून मोटारसायकलकडे वळला आणि किनेटिकची पकड सुटली. २००८ मध्ये महिंद्र समूहाने किनेटिक मोटरचा दुचाकी व्यवसाय सुमारे ११० कोटी रुपयांना घेतला. नव्या कंपनीत ८० टक्के वाटा महिंद्रचा आणि २० टक्के किनेटिकचा. मध्य प्रदेशातल्या पिथमपूरचा कारखाना त्यांच्याकडे आला. ट्रॅक्टर आणि जीपमुळे महिंद्र हे नाव ग्रामीण भागात आधीच विश्वासाचे होते. ज्याच्या अंगणात महिंद्रचा ट्रॅक्टर उभा आहे, तो मोटारसायकलही महिंद्रची घेईल, हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही.

३० सप्टेंबर २०१० रोजी मुंबईत कंपनीने दोन मोटारसायकली दाखवल्या. एक मोठी, तीनशे सीसीच्या वर्गातली ‘मोजो’, आणि दुसरी सर्वसामान्यांची ‘स्टॅलिओ’. जाहिरातीत आमिर खान. स्टॅलिओचे इंजिन १०६.७ सीसीचे, गिअर चार, मीटर डिजिटल, मागचा दिवा एलईडीचा. स्प्लेंडर आणि बजाजच्या शंभर सीसी गाड्यांच्या पट्ट्यात तेव्हा हे सगळे उठून दिसणारे होते. वेळही चांगली होती. डिसेंबर २०१० मध्ये हीरो आणि होंडा यांनी वेगळे होण्याची घोषणा केली आणि बाजारात तिसऱ्याला जागा मिळेल असे सगळ्यांनाच वाटू लागले.

गाडी मात्र त्या अपेक्षेला पुरी पडली नाही. गिअरबॉक्स आणि एकूण दर्जाबद्दल तक्रारी येऊ लागल्या. काही महिन्यांतच कंपनीला स्टॅलिओचा पुरवठा थांबवावा लागला. दुरुस्त करून गाडी पुन्हा आणू, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात स्टॅलिओ हे नाव बाजूलाच पडले. त्याच वर्गात ‘पँटेरो’ आणि ‘सेंच्युरो’ या नव्या नावांच्या गाड्या आल्या. सेंच्युरो बाजारात आली ती जुलै २०१३ मध्ये. मोजो तर दाखवल्यानंतर पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०१५ मध्ये विक्रीला आली.

मधल्या त्या अडीच-तीन वर्षांत डीलरची अवस्था काय होती, याची कल्पना करायला आकडेवारी लागत नाही. शोरूम मोटारसायकलच्या भरवशावर मोठी केलेली. माणसे घेतलेली. विकायला उरल्या त्या स्कूटर, आणि ग्रामीण तालुक्यात तेव्हा स्कूटरचे गिऱ्हाईक थोडे. ज्यांनी स्टॅलिओ घेतली होती ते सर्व्हिसिंगला आणि पार्टला येतच होते. त्यांना परत पाठवता येत नव्हते. त्यांच्यासमोर ‘कंपनी काम करत आहे’ एवढेच म्हणता येत होते.

सेंच्युरो आणताना कंपनीने पाच वर्षांची वॉरंटी, चोरी होऊ नये म्हणून इमोबिलायझरची चावी असे बरेच काही दिले. गाडी आधीपेक्षा चांगली होती आणि सुरुवातीला खपलीही. पण गावात एकदा ‘त्या कंपनीच्या मोटारसायकलचे गिअर अडकतात’ असे झाले, की पुढच्या मॉडेलच्या वाट्याला तोच शिक्का येतो. पारावरच्या मताला वॉरंटी कार्ड दाखवून बदलता येत नाही. पुढे २०१६ मध्ये महिंद्रने दुचाकीतला मोर्चा क्लासिक लिजेंड्सच्या मार्गे जावा आणि बीएसए या जुन्या नावांकडे वळवला आणि सर्वसामान्यांच्या मोटारसायकलींतून हळूहळू अंग काढून घेतले. ज्या कंपनीकडे पैसा, अभियंते आणि ग्रामीण नाव हे तिन्ही होते, तिलाही पहिल्या गाडीचा डाग पुसता आला नाही, हे स्टॅलिओ प्रकरणातले सर्वांत बोलके.

वॉरंटीचा क्लेम अडकतो कुठे?

ग्राहकाच्या दृष्टीने वॉरंटी म्हणजे ‘पार्ट फुकट’. डीलरच्या दृष्टीने ती उधारी असते. साधारण पद्धत अशी. गाडी आली, की जॉब कार्ड बनते. मेकॅनिक बिघाड पाहतो, डीलर स्वतःच्या साठ्यातला पार्ट बसवतो, काढलेला जुना पार्ट जपून ठेवतो आणि कंपनीकडे क्लेम टाकतो. कंपनीचा सर्व्हिस अधिकारी जुना पार्ट, फोटो, किलोमीटर आणि सर्व्हिसिंगच्या नोंदी पाहतो. मंजूर झाले तर रक्कम क्रेडिट नोटने डीलरच्या खात्यात येते. नामंजूर झाले तर पार्टचा खर्च डीलरच्या डोक्यावर.

म्हणून शंकास्पद प्रकरणात डीलर आधी मंजुरी मागतो आणि मगच गाडी उघडतो. ‘कंपनीचा माणूस येऊन बघेल’ हे जे वाक्य ग्राहकाला ऐकावे लागते, त्यामागे हे कारण असते. हा अधिकारी एकाच वेळी अनेक डीलर सांभाळतो. शिरूर-दौंडकडे त्याची फेरी ठरलेल्या दिवशी.

क्लेम नाकारण्याची कारणेही ठरलेली. सर्व्हिसिंग वेळेत नाही, बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी उघडली, वायर तोडून जादा दिवे किंवा हॉर्न बसवला, क्षमतेपेक्षा जास्त ओझे नेले. मोफत सर्व्हिसिंगची अट ‘इतके दिवस किंवा इतके किलोमीटर, जे आधी होईल ते’ अशी असते. शेतकरी कुटुंबात नवी गाडी कधी कधी महिनाभर फार फिरत नाही. किलोमीटर झाले नाहीत म्हणून सर्व्हिसिंग राहते, दिवस मात्र उलटून जातात. पुढे गिअरबॉक्सचा क्लेम याच एका नोंदीवर अडतो.

ओझ्याचा मुद्दा आपल्याकडे अधिक टोकदार आहे. मोटारसायकलवर दुधाचे भरलेले कॅन किंवा खताची पोती नेणे या भागात नेहमीचे. जाहिरातींतही मजबूत, दणकट, भार वाहणारी गाडी म्हणून तिचे कौतुक असते. पुस्तिकेत कमाल वजनाचा आकडा असतो आणि क्लेमच्या वेळी तोच पुढे केला जातो. जाहिरात आणि पुस्तिका यांतली ही दरी कंपन्यांना माहीत नाही, असे मानणे कठीण आहे.

डीलर का वैतागतो?

कंपनी महिन्याच्या पहिल्या तारखेला विक्रीचा जो आकडा जाहीर करते, तो बहुतेक वेळा कारखान्यातून डीलरकडे रवाना झालेल्या गाड्यांचा असतो. गाडी ग्राहकाच्या घरी गेली की नाही, हे कळते ‘वाहन’ प्रणालीतल्या नोंदणीवरून. दोन्हींतला फरक डीलरच्या गोदामात उभा असतो, आणि त्या गाड्यांसाठी घेतलेल्या बँकेच्या कर्जाचे व्याज रोज चालू असते. वाहन विक्रेत्यांची देशव्यापी संघटना ‘फाडा’ २१ दिवसांपुरताच साठा असावा, असे कंपन्यांना वारंवार सांगत आली आहे. यावरूनच तो साठा अनेकदा वर जातो हे समजावे.

नवे मॉडेल गाजले तर गाड्या मिळत नाहीत आणि गिऱ्हाईक बुकिंगचे पैसे परत मागते. गाजले नाही तर ठरलेला कोटा उचलावाच लागतो. त्यात दर्जाची तक्रार निघाली की साठा पडून राहतो, रंग फिका पडतो, बॅटरी उतरते आणि शेवटी सूट देऊन गाडी काढावी लागते. ती सूट कुणाच्या खिशातून जाते, हा डीलर आणि कंपनी यांच्यातला कायमचा वाद.

साठ्याचा धोका किती मोठा असतो हे मार्च २०१७ मध्ये सगळ्यांनी पाहिले. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्चला निकाल दिला, की १ एप्रिलपासून बीएस-३ वाहने विकता येणार नाहीत. देशभर अशी सुमारे ८ लाख २४ हजार वाहने शिल्लक होती आणि त्यांपैकी ६ लाख ७१ हजार दुचाकी होत्या. दोन दिवस शोरूमपुढे रांगा लागल्या, हजारो रुपयांची सूट देऊन गाड्या विकल्या गेल्या. ग्राहकांची चंगळ झाली. कंपन्यांच्या पुस्तकात मात्र त्यांतल्या बऱ्याच गाड्या आधीच ‘विकलेल्या’ होत्या.

आणि कंपनीच गाशा गुंडाळते तेव्हा?

पुणेकरांना ‘डीएसके’चे प्रकरण ठेवीदारांमुळे आठवते. त्याच समूहाची डीएसके मोटोव्हील्स ही कंपनी कोरियाच्या ह्योसंग आणि इटलीचे नाव असलेल्या, चिनी मालकीच्या बेनेली या महागड्या मोटारसायकली आणत होती. जोडणी साताऱ्यातल्या वाईला. देखण्या गाड्या, इंजिनाचा आवाज ऐकून तरुण भाळायचे. पण स्पेअर पार्ट मिळायला लागणारा वेळ हा या गाड्यांच्या मालकांचा सुरुवातीपासूनचा तक्रारीचा विषय होता. समूह आर्थिक अडचणीत आला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये डी. एस. कुलकर्णी यांना अटक झाली. त्या काळात पुरवठा आटला, वॉरंटीची कामे रखडली आणि डीलर मधल्या मध्ये अडकले. त्याच वर्षी बेनेलीने हैदराबादच्या दुसऱ्या समूहाशी हातमिळवणी केली. ब्रँड वाचला, जुन्या डीलरचा शोरूमवरचा खर्च ज्याचा त्याच्याकडे राहिला.

यूएम या अमेरिकी नावाच्या क्रूझर मोटारसायकलींची गोष्ट जवळपास तशीच. उत्तराखंडातल्या काशीपूरला लोहिया समूहाबरोबर त्या बनत. २०१६ च्या ऑटो एक्स्पोत मोठा गाजावाजा झाला. दर्जाच्या तक्रारी वाढत गेल्या आणि २०१९ मध्ये कामकाज बंद पडले. डीलरांच्या बुडालेल्या पैशांचा विषय ‘फाडा’ने तेव्हा उचलून धरला होता. २०२० मध्ये हार्ले डेव्हिडसनने आणि २०२१ मध्ये फोर्डने भारतातला कारखाना बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हाच प्रश्न मोठ्या अक्षरांत पुढे आला.

डीलरच नसला तर बरे?

डीलरची कटकट नको म्हणून थेट कंपनीकडून विक्री, हा प्रयोग ओला इलेक्ट्रिकने केला. १५ ऑगस्ट २०२१ रोजी स्कूटर जाहीर झाली, बुकिंग मोबाइलवर, दालने कंपनीची स्वतःची. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव भागात तिच्या एका स्कूटरला आग लागली आणि पुढच्या महिन्यात कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. मूळ दुखणे मात्र सर्व्हिसचे निघाले. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षभरात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर ओलाविरुद्ध १०,६४४ तक्रारी आल्या. त्यांपैकी ३,३८९ सर्व्हिसिंगला होणाऱ्या उशिराच्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटीस बजावली. ९९ टक्क्यांहून अधिक तक्रारी सोडवल्याचे कंपनीने सांगितले.

नंतर डिसेंबर २०२४ मध्ये दालनांची संख्या एका झटक्यात चार हजारांवर नेल्याची घोषणा झाली. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने ट्रेड सर्टिफिकेट नसलेल्या दालनांवर कारवाई केली. त्याच वर्षी गोव्यात दुरुस्तीविना पडून राहिलेल्या गाड्यांवरून मालक रस्त्यावर आले आणि तिथल्या परिवहन खात्याने ओलाच्या नव्या गाड्यांची नोंदणी थांबवली. ओलाच्या ‘रोडस्टर एक्स’ या मोटारसायकलची डिलिव्हरीही २०२५ मध्येच सुरू झाली, ती ही पार्श्वभूमी घेऊन.

गावातल्या सब-डीलरवर चिडता तरी येते. तो लग्नकार्यात भेटतो, त्याचा भाऊ ओळखीचा असतो, तो रात्री फोन उचलतो. ॲपवरच्या तिकीट क्रमांकावर चिडून काही होत नाही, हे या प्रकरणात अनेकांना उमगले.

ग्राहकाच्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट जॉब कार्ड. ‘जरा बघून देतो’ म्हणून तोंडी झालेली दुरुस्ती कायद्याच्या दृष्टीने झालेलीच नसते. प्रत्येक वेळी जॉब कार्ड बनवून घ्यावे, त्यावर तक्रार आपल्या शब्दांत लिहायला लावावी, तारीख आणि किलोमीटर पाहावेत. एकच बिघाड तीन-चार जॉब कार्डांवर दिसला, की तो दोष जुना आहे हे दाखवता येते. बिल कुणाच्या नावाचे आहे तेही पाहावे, कारण नोटीस त्याच पत्त्यावर जाणार.

दुसरी पायरी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिच्याकडे निकाल देण्याचा अधिकार नाही, पण कंपनीच्या मुख्यालयापर्यंत तक्रार पोहोचते आणि पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

नाहीच झाले तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे कंपनीचे मुख्यालय कुठेही असो, शिरूर-दौंडच्या माणसासाठी पुणे जिल्हा आयोग पुरेसा. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. आता ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रारही दाखल होते. मुदत दोन वर्षांची. त्यामुळे ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ म्हणत वेळ काढणाऱ्याचे ऐकत बसणे परवडत नाही. दूध घालण्यासाठी गाडी वापरणाऱ्याला ‘हा व्यावसायिक वापर आहे’ असे सांगून परतवता येत नाही. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी वस्तू वापरणारा कायद्याने ग्राहकच ठरतो.

अपेक्षा मात्र वास्तवाला धरून ठेवाव्यात. नवी गाडी बदलून मिळणे सोपे नाही. एखादा भाग सदोष असेल तर तो भाग बदलून देणे ही वॉरंटीची मर्यादा, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुतीच्या एका खटल्यात घेतली होती. उत्पादनातलाच दोष आहे हे सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो. आयोग गाडी प्रयोगशाळेत पाठवू शकतो. अशा तपासणीच्या प्रकरणात पाच महिन्यांत निकाल लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्ष तारखा त्याहून लांब जातात.

तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करावे, हेही महत्त्वाचे. गोव्यातल्या एका ग्राहकाला जुन्या मॉडेलची कार नवी म्हणून विकल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये टाटा मोटर्सला दोषमुक्त केले. डीलर आणि कंपनी यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असेल आणि डीलरच्या कृत्याची कंपनीला माहिती नसेल, तर त्याची जबाबदारी कंपनीवर टाकता येत नाही, असा त्याचा अर्थ. दोष कारखान्यातला असेल तर जबाबदारी कंपनीची, विक्रीतली लबाडी असेल तर डीलरची. ग्राहकाला सुरुवातीला यातले काय आहे ते कळतेच असे नाही, म्हणून दोघांची नावे.

एकाच मॉडेलच्या अनेक गाड्यांत सुरक्षेशी संबंधित सारखाच दोष असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ नुसार सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत आणि सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना ते लागू होतात. यासाठी मालकांनी वेगवेगळ्या शोरूममध्ये भांडण्यापेक्षा परिवहन खात्याच्या पोर्टलवर तक्रारी नोंदवणे उपयोगाचे, कारण तिथे मोजदाद होते.

आणि डीलरच्या हातात?

फारच थोडे. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा कायद्याने ग्राहक नसतो, त्यामुळे ग्राहक आयोगाचे दार त्याला बंद. कंपनीशी झालेला करार बहुधा कंपनीनेच लिहिलेला असतो. वाद झाला तर लवाद, आणि तोही कंपनीच्या शहरात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत वाहन डीलरांना संरक्षण देणारे कायदे आहेत. भारतात तसा कायदा नाही. संसदेच्या उद्योगविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०२० च्या अहवालात अशा कायद्याची शिफारस केली आणि ‘फाडा’ने आदर्श कराराचा मसुदाही तयार केला. कायदा अजून आलेला नाही.

सब-डीलर तर या चर्चेतही नसतो. त्याचा करार कंपनीशी नसतो, मुख्य डीलरशी असतो, आणि अनेकदा तो विश्वासावरच चालतो. मॉडेल फसले तर मुख्य डीलर दुसऱ्या कंपनीची एजन्सी घेऊ शकतो. केडगाव किंवा न्हावऱ्यातल्या गाळ्यावरची पाटी उतरली, तरी ज्यांना गाड्या विकल्या ते लोक त्याच रस्त्याने रोज जात-येत असतात.